पेटीतला ठेवा आणि मोकळी प्रत

आपल्याकडे जुन्या घरांतून एखादी लाकडी पेटी असते. माळ्यावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात ती ठेवलेली असते. तिच्यात काय आहे हे घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसालाच नीट माहीत असते. पणजोबांची पोथी, मोडी लिपीतला एखादा कागद, कुणा पूर्वजाचे पुसट झालेले छायाचित्र, असे काहीबाही तिच्यात असते. ती पेटी सहसा कुणी उघडीत नाही. उघडली तर कागद फाटेल ही एक भीती, आणि न उघडावी तर वाळवी लागेल ही दुसरी भीती. या दोन भीतींच्या मध्ये तो ठेवा वर्षानुवर्षे पडून राहतो.

जे घराचे, तेच राष्ट्राचे. देशोदेशींची वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये आणि दफ्तरखाने म्हणजे अशाच मोठमोठ्या पेट्या होत. गेल्या काही दशकांत या पेट्यांतल्या वस्तूंची छायाचित्रे घेऊन ती संगणकात साठवण्याचे काम जगभर सुरू झाले आहे. त्याला डिजिटायझेशन म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी ‘संगणकी नक्कल’ म्हणू. नक्कल झाली की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. पण नक्कल करणे ही एक गोष्ट आणि ती लोकांना मोकळी करून देणे ही दुसरी गोष्ट. जुन्या पेटीतल्या कागदाची नक्कल केली आणि ती नव्या पेटीत घालून पुन्हा कुलूप लावले, तर लोकांच्या हाती काय आले? शिवाय शुद्ध नक्कल कुलपात राहिली म्हणून बाहेरचा बाजार काही रिकामा राहत नाही. तिथे अशुद्ध नक्कल जाऊन बसते. हे कसे घडते, ते एका प्रत्यक्ष उदाहरणाने पाहू.

हॉलंड देशातल्या अॅम्स्टरडॅम शहरात राइक्स म्युझियम नावाचे एक राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे. त्याची आजची भव्य इमारत १८८५ मध्ये खुली झाली. तिथे सुमारे दहा लाख वस्तू आहेत; पण दालनांतून मांडलेल्या वस्तू साधारण आठ हजार. म्हणजे शंभरातली एकसुद्धा धड बाहेर नाही, बाकीच्या सगळ्या कोठारात! तिथल्या चित्रांमध्ये योहानेस व्हर्मीर या चित्रकाराचे एक लहानसे चित्र आहे. जेमतेम दीड फूट उंचीचे. १६६० च्या सुमारास ते काढलेले आहे.

चित्रात काय आहे म्हणाल, तर एक राबणारी बाई आहे. डोक्याला पांढरे फडके, अंगात पिवळी चोळी, कमरेला गर्द निळे वस्त्र, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. डाव्या हाताच्या खिडकीतून सकाळसारखा उजेड येतो आहे. समोरच्या मेजावर पावाचे तुकडे आहेत, आणि ती बाई मातीच्या भांड्यात हळूहळू दूध ओतते आहे. बस, एवढेच. ना राजा, ना लढाई, ना देव. पण त्या दुधाच्या धारेकडे पाहताना आपणही क्षणभर श्वास रोखून धरतो. कारण दूध ओतणाऱ्या माणसाचे लक्ष कसे धारेवर खिळलेले असते, हे आपल्या खेड्यातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. या चित्राला ‘दूधवाली’ असे म्हणतात.

आता पुढे काय झाले ते ऐका. या दूधवालीची छायाचित्रे कुणी पुस्तकावरून, कुणी जुन्या छापील कार्डावरून घेतली आणि इंटरनेटवर चढवली. त्या नकलांच्या नकला झाल्या. दर नकलेला रंग थोडा थोडा बिघडत गेला; निळे वस्त्र मळकट झाले आणि सगळ्या चित्रावर हळदीचे पाणी शिंपडावे तशी पिवळी झाक आली. संग्रहालयाने शोध घेतला तेव्हा अशा दहा हजारांहून अधिक प्रती निरनिराळ्या ठिकाणी आढळल्या. अखेर अशी वेळ आली की, प्रत्यक्ष संग्रहालयात येणारे लोक तिथल्या दुकानात खऱ्या रंगांत छापलेले कार्ड हाती घेऊन म्हणू लागले, “छे, हे काही बरोबर नाही, खरं चित्र तर पिवळं आहे!” खोट्याची सवय इतकी झाली की खरेच खोटे वाटू लागले. युरोपातल्या ग्रंथालयांचे आणि संग्रहालयांचे साहित्य एकत्र दाखवणाऱ्या युरोपियाना या संस्थेने २०११ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली.

अशा प्रसंगी एखाद्या संस्थेने काय केले असते? नोटिसा धाडल्या असत्या, वकील लावले असते, ‘परवानगीवाचून कुणी चित्र वापरू नये’ असा फलक ठोकला असता. पण दहा हजार ठिकाणी नोटीस कोण लावणार, आणि तेवढ्याने पिवळी नक्कल पुसली थोडीच जाणार? त्या संग्रहालयाने उलट मार्ग धरला. मूळ चित्रावरून घेतलेली, रंगांची खातरजमा केलेली, उत्तम प्रत त्यांनी स्वतःच सर्वांना फुकट देऊन टाकली. २०१२ च्या ऑक्टोबरात सव्वा लाख वस्तूंच्या प्रती त्यांनी इंटरनेटवर ठेवल्या. आज ती संख्या सात लाखांच्या पुढे गेली आहे. ज्या चित्रांवर कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही, ती कुणीही पाहावीत, उतरवून घ्यावीत, छापावीत, पाठ्यपुस्तकात घालावीत, हवे तर कापडावर उठवून विकावीत. शुल्क नाही आणि परवानगीचा अर्जही नाही.

हा विचार आपल्याला ऐकायला नवा वाटेल, पण तो आपल्या परंपरेला परका नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. छापखाना नव्हता. एकाच्या पोथीवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या पोथीवरून तिसऱ्याने ती उतरून घेतली. कुठे ओळ गळली, कुठे जुना शब्द न कळल्यामुळे नवा घातला गेला, कुठे कुणी आपल्या पदरची ओवीही बसवली. जवळजवळ तीनशे वर्षे असे चालले. तेव्हा पैठणच्या एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या पोथ्या पडताळून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, शुद्ध पाठ सिद्ध केला. यापुढे कुणी आपली ओवी तीत मिसळू नये, असेही त्यांनी बजावले. पण नाथांनी काय केले नाही, तेही ध्यानात घ्या. पोथ्या उतरण्यास त्यांनी मनाई केली नाही. शुद्ध प्रत आपल्या घरी बांधून ठेवली असती, तर गावोगावी अशुद्धच वाचली गेली असती. ती बाहेर पडली, म्हणून तिचे काम झाले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. एके काळी मराठी पुस्तकांतून छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून भलत्याच एका सरदाराचे चित्र छापले जात असे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक उघड केली आणि युरोपीय संग्रहांतून मिळालेले विश्वसनीय चित्र लोकांपुढे ठेवले. विचार करा, ज्यांच्या नावाने इथली माणसे उठतात-बसतात, त्यांचा चेहराच आपल्या घरांतून चुकीचा टांगलेला! आणि हे का झाले? खरे चित्र नव्हते म्हणून नव्हे. ते समुद्रापलीकडे पेटीत होते, आणि खोटे चित्र मात्र हाताशी होते.

योगायोग असा की, या दोन्ही गोष्टी त्या अॅम्स्टरडॅमच्या संग्रहालयात एकत्र येतात. तिथे ‘वित्सेन अल्बम’ म्हणून ओळखला जाणारा एक चित्रसंग्रह आहे. निकोलास वित्सेन हा अॅम्स्टरडॅमचा नगरप्रमुख होता. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारातही त्याचा हात होता. त्याच्या संग्रहातली ही चित्रे सतराव्या शतकाच्या अखेरच्या भागात गोवळकोंड्याच्या बाजूला तयार झालेली आहेत. मोगल बादशहा, दक्षिणेतले सुलतान आणि त्यांचे सरदार यांच्या बरोबरीने शिवाजी महाराजांचेही चित्र त्यात आहे. पूर्वी असे चित्र पाहायचे, तर संशोधकाला आगबोटीने जावे लागे, ओळखपत्रे मिळवावी लागत आणि नकलेसाठी पैसे मोजावे लागत. आज आपल्या तालुक्याच्या गावातला इतिहासाचा शिक्षक ते आपल्या मोबाइलवर उघडू शकतो, मोठे करून दागिन्यांचे मोती मोजू शकतो आणि वर्गाच्या भिंतीवर लावण्यासाठी छापूही शकतो. यात कुणाची मेहेरबानी नाही.

आता ही नक्कल होते कशी, तेही थोडक्यात सांगतो. चित्र सपाट ठेवून त्यावर दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पाडतात. शेजारी ठरावीक रंगांची एक पट्टी ठेवतात. पुढे संगणकावर चित्राचा रंग त्या पट्टीशी ताडून पाहतात. मोठे चित्र असले तर त्याचे तुकड्यातुकड्याने फोटो घेऊन जोडतात. त्याच संग्रहालयातले रेंब्रांचे ‘रात्रीचा पहारा’ हे प्रचंड चित्र ८,४३९ फोटो जोडून तयार केले आणि २०२२ च्या जानेवारीत सर्वांसाठी खुले केले. ते मोठे करीत गेले की रंगाचे कणसुद्धा दिसू लागतात. जे प्रत्यक्ष चित्रासमोर उभ्या राहणाऱ्या माणसालाही दिसत नाही.

परंतु फोटो हे निम्मेच काम. उरलेले निम्मे काम नोंदीचे आहे. वस्तू कोणती, कुठली, कोणत्या काळातली, कुणी केली, कुणाकडून आली आणि तिच्या वापराला काही अट आहे का, हे प्रत्येक फोटोबरोबर लिहावे लागते. नोंद नसलेला फोटो म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. पोस्टात पडून राहील, पोचणार नाही. आपल्याकडे तर एकच नाव दहा तऱ्हांनी लिहितात. इंग्रजीत लिहिलेले ‘पूना’ शोधायचे की ‘पुणे’, इथपासून अडचण. म्हणून आपल्या भाषेत, आपल्या लिपीत, जाणत्या माणसांनी नोंदी करणे हे यंत्रापेक्षाही अधिक गरजेचे आहे. हे काम कुणी करायचे, तर ते भाषेच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांचेच आहे, असे मला वाटते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. ‘फुकट पाहता येणे’ आणि ‘मोकळे असणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काही ठिकाणी चित्र दिसते, पण टपालाच्या तिकिटाएवढे. शिवाय मधोमध संस्थेचे नाव ठळक छापलेले. काही ठिकाणी दिसते चांगले, पण उतरवून घेता येत नाही. काही ठिकाणी उतरवून घेता येते, पण शाळेच्या हस्तलिखितात वापरायचे तरी अर्ज, शुल्क आणि उत्तराची वाट. पाहणे, घेणे आणि वापरणे अशी ही तीन दारे आहेत. तिन्ही उघडी असली, तरच वाडा उघडा म्हणायचा. पहिले दार उघडून बाकीच्या दोहोंना कडी लावली, तर ते दुकानाच्या काचेबाहेरून मिठाई पाहण्यासारखे आहे.

आता कुणी विचारील, “अहो, पण हे सगळं फुकट दिलं तर संस्था चालायची कशी?” हा प्रश्न रास्त आहे. अॅम्स्टरडॅमच्या संग्रहालयातही तो निघालाच होता. म्हणून प्रारंभी त्यांनी मध्यम आकाराची प्रत फुकट आणि छपाईसाठी मोठी प्रत पैसे घेऊन, अशी व्यवस्था ठेवली. पुढे हिशेब मांडला. प्रती विकून येणारे पैसे एकूण उत्पन्नाच्या मानाने अगदी किरकोळ. आणि ते गोळा करायचे म्हणजे अर्ज तपासा, पावत्या फाडा, पत्रव्यवहार ठेवा. तेव्हा २०१३ मध्ये त्यांनी तेही शुल्क काढून टाकले. दाणे थोडे आणि मळणीच फार, असा तो प्रकार होता. अर्थात प्रत्येक संस्थेचा हिशेब असाच निघेल असे नाही. ज्या लहान संस्थांना फोटो घेण्यापुरतेही पैसे नाहीत, त्यांच्याकडून मोकळेपणाची अपेक्षा करायची तर शासनाने आणि समाजाने त्यांचा खर्च उचलला पाहिजे. फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. खर्च एकदाच, सगळ्यांनी मिळून करायचा. मग प्रत्येकाकडून निराळी पट्टी घ्यायची नाही, इतकेच.

दुसरी शंका अशी की, घरबसल्या चित्र दिसले तर मूळ वस्तू पाहायला कोण येईल? याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. २०२३ मध्ये याच संग्रहालयाने व्हर्मीरची २८ चित्रे एकत्र आणून प्रदर्शन भरवले. त्यातली पुष्कळशी इंटरनेटवर कुणालाही दिसत होती. तरीही प्रदर्शन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत सगळी तिकिटे संपली, आणि चार महिन्यांत साडेसहा लाख माणसे ते पाहून गेली. विठोबाची तसबीर घरोघर आहे म्हणून पंढरीची वारी कधी ओस पडली आहे काय? उलट तसबिरीने ओढ वाढते.

तिसरी शंका प्रतिष्ठेची. एवढे थोर चित्र कुणी साबणाच्या वेष्टनावर छापले तर? त्या संग्रहालयाचे एक अधिकारी याला फार खुमासदार उत्तर देत. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, लोकांना ते भलत्या ठिकाणी छापायचेच असेल तर निदान ते चांगल्या प्रतीवरून छापावे, वाईट प्रतीवरून नको! चेष्टेचा भाग सोडा. ज्याला गैरवापर करायचा आहे, तो परवानगीसाठी थांबत नाही. परवानगीच्या कुंपणाला अडतो तो सरळ मार्गाने जाणारा शिक्षक, विद्यार्थी आणि लहान प्रकाशक.

कायद्याचीही दिशा आता हीच होत चालली आहे. चित्रकाराला जाऊन तीनशे वर्षे झाली. त्याच्या चित्राचा जशाचा तसा फोटो घेतला, तर त्या फोटोवर नवा हक्क सांगता येईल काय? १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने, येणार नाही, असा निर्णय दिला. कारण हुबेहूब नकलेत नवी निर्मिती नसते. युरोपीय संघानेही २०१९ च्या आपल्या निर्देशात हेच तत्त्व घातले. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थाही या वाटेने आल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रती मोकळ्या केल्या आणि वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेने २०२० मध्ये २८ लाख.

इथे मात्र थोडे थांबले पाहिजे. जे जे पेटीत आहे ते ते सगळे चव्हाट्यावर मांडावे, असा याचा अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक आदिवासी समाजांत मृत माणसाचे छायाचित्र पाहणे निषिद्ध मानतात. काही जमातींच्या पूजावस्तू परक्याने पाहायच्या नसतात. एखाद्या कुटुंबाची खाजगी पत्रे असतात, एखाद्या बाईचा फोटो तिला न विचारता कुणा साहेबाने काढलेला असतो. अशा ठिकाणी ज्यांचे ते आहे त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. कायद्याने हक्क संपला म्हणून माणुसकीचे देणे संपत नाही.

तसेच, नक्कल मोकळी केली म्हणून मूळ वस्तूचे ऋण फिटले असेही कुणी समजू नये. याच डच संग्रहालयात श्रीलंकेतल्या कँडीच्या राजाची एक शोभिवंत तोफ होती. अठराव्या शतकात डचांनी ती लुटून नेलेली. तिचा उत्तम फोटो सगळ्या जगाला दिसत होता. पण सिंहली माणसाला फोटो नको होता, तोफ हवी होती. २०२३ मध्ये ती श्रीलंकेला परत मिळाली. फोटो मोकळा करणे आणि वस्तू परत करणे, ही दोन कर्तव्ये निरनिराळी आहेत. एक केले म्हणून दुसरे टळत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. या सगळ्याचा आपल्या शाळेला काय उपयोग? मी एकच सांगतो. मोल्सवर्थ साहेबाने आपल्या पंडितांच्या साहाय्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती, आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, हे दोन्ही कोश अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर मोकळे ठेवले आहेत. नाव नोंदवायला नको, पैसे नकोत. हे कोश एरवी किती शाळांच्या कपाटात सापडतील? मोट गेली, आणि तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्दही चालले. गावातल्या सत्तरी-ऐंशीच्या आजोबांना असे शब्द विचारावेत आणि मुलांनी ते या कोशांत शोधावेत. कुठला शब्द तिथे आहे, कुठला नाही, कुठल्या शब्दाचा अर्थ आजोबा निराळा सांगतात, याची वही करावी. भाषेचा याहून चांगला तास मला ठाऊक नाही. रेंज नसेल तिथे शिक्षकांनी तालुक्याला गेल्यावर लागतील ती पाने उतरवून आणावीत. मोकळ्या प्रतीचा हाच तर फायदा. एकदा घेतली की ती आपली झाली.

आपल्या देशातला कायदाही शिक्षकांनी जाणून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे सुधारणा झाली. तीनुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. तेव्हा त्यांचे असे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचे झाले. कुणीही ते छापावे, वाचून ध्वनिमुद्रित करावे, मुलांसाठी मोठ्या अक्षरांत काढावे. असे साहित्य टंकलिखित करून, दोनदा तपासून सर्वांसाठी ठेवण्याचे काम ‘मराठी विकिस्रोत’ या ठिकाणी स्वयंसेवक करीत असतात. महिन्याला चार पाने तपासणारा एक शिक्षक जरी प्रत्येक शाळेत निघाला, तरी केवढे काम होईल! एकनाथमहाराजांनी जे एकट्याने केले, ते आपण वाटून घेऊन करायचे आहे. मात्र हयात लेखकाचे पुस्तक परस्पर फोटो काढून वाटणे हा मोकळेपणा नव्हे, ती चोरीच. ज्याच्या घामाचे आहे, त्याला ते मिळालेच पाहिजे.

आणि गावातल्या त्या लाकडी पेटीचे काय? पेटी आपली नसेल तर आधी मालकाची संमती घ्या. हात स्वच्छ आणि कोरडे असू द्या. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, तो प्लॅस्टिकमध्ये दाबून सीलबंद करू नका. दोन्हींनी पुढे नुकसानच होते. खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, कागदाची चारही टोके दिसतील असा फोटो घ्या. मागची बाजू विसरू नका. पुष्कळदा तारीख तिथेच असते. कागद कुणाकडे आहे, कुठून आला, किती पाने आहेत, कधी फोटो घेतला, हे एका चिठ्ठीवर लिहा. मोडी वाचता आली नाही तरी हरकत नाही. आज नीट नोंद झाली, तर उद्या वाचणारा भेटेल. आणि मालकाची इच्छा असेल तर ती प्रत एखाद्या चांगल्या संस्थेकडे द्या, पण देताना एवढे विचारा, “ही प्रत लोकांना मोकळी पाहता आणि वापरता येईल ना?” हा प्रश्न विचारायची सवय आपल्याला लागली, तर संस्थांनाही उत्तर देण्याची सवय लागेल.

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक एक विनवणी करीत असत. पोथीला तेलापासून, पाण्यापासून जपावे, तिची बांधणी सैल होऊ देऊ नये आणि ती अजाण माणसाच्या हाती पडू देऊ नये, असा तिचा आशय असे. त्या काळी ते योग्यच होते. पोथी एकच होती आणि हाताळण्याने ती झिजत होती. आज मूळ पोथी जपता येते आणि तिची प्रत देताही येते. प्रतीला तेल लागत नाही, पाणी लागत नाही. मग ती अजाण हातांत पडायला नको, असे आपण का म्हणावे? अजाण हातांत पोथी पडल्याशिवाय ते हात जाणते होणार तरी कसे?